दिल्लीचं लिहायचं राहून गेलं: महाराष्ट्रातल्या माजी खासदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

लोकसभेत किंवा राज्यसभेत बसून आलेल्या आणि आता घरी असलेल्या महाराष्ट्रातल्या सगळ्यांना हे पत्र आहे. पक्ष कुठलाही असो. तुमच्यातल्या काहींना मी चेहऱ्याने आठवेन. दिल्लीत खासदारांच्या वस्तीत, नॉर्थ अव्हेन्यूच्या एका फ्लॅटमध्ये एका मराठी खासदारांचा स्वीय सहायक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. सेशन सुरू झालं की सकाळी सातपासून दारात माणसं असायची. एम्सला पेशंट घेऊन आलेले, रेल्वेच्या कोट्याचं पत्र हवं असलेले, गॅस कनेक्शनच्या कुपनासाठी महिनाभर थांबलेले. ती गर्दी उरकून साडेदहाला साहेब संसदेकडे निघायचे आणि मी मागे राहून पत्रं टाइप करायचो. तेव्हापासून मनात असलेली एक विनंती आज उघडपणे करतो आहे.

तुमची दिल्लीतली वर्षं सांगा. मराठीत सांगा. सत्काराच्या भाषणात सांगतात तशी नकोत, जशी गेली तशी सांगा.

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ जण जातात, राज्यसभेवर १९. लोकसभेचे दर निवडणुकीला बदलतात, राज्यसभेतले एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. त्या निवृत्तीच्या दिवशी सभागृहात निरोपाची भाषणं होतात, सगळे एकमेकांबद्दल चांगलं बोलतात, आणि मग माणूस परत येतो. आल्यावर काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिक्षणसंस्थेची मीटिंग, कारखान्याची सर्वसाधारण सभा, लग्नं, दशक्रियाविधी. गावात लोक मान देतात, पुढच्या खुर्चीवर बसवतात. पण दिल्लीत नेमकं काय पाहिलंत, असं कोणी विचारत नाही. निवडणुकीत हाच प्रश्न टोमणा म्हणून येतो: पाच वर्षं दिल्लीत काय केलंत? निवडणूक संपल्यावर मनापासून विचारणारा कोणी उरत नाही.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही खाती त्यांनी सांभाळली. १९७७ नंतर विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये काही काळ उपपंतप्रधान. एवढी खाती एकापाठोपाठ एक पाहिलेला मराठी माणूस दुसरा नाही. त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये आलं. देवराष्ट्र्याचं बालपण, कराड, तुरुंग, बेचाळीसची चळवळ, सगळं त्यात आहे, आणि ते १९४६ पाशी थांबतं. पुढचे खंड मनात होते, दिल्लीचाही होता. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. म्हणजे मुंबईत मुख्यमंत्री होण्याआधीच त्यांची लेखणी थांबली, आणि दिल्लीपर्यंत तर ती पोहोचलीच नाही.

१९६५ च्या युद्धातल्या त्यांच्या रोजनिशीचा भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही त्यांचे त्या वेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी आणला म्हणून, आणि आला तो इंग्रजीत. युद्धाच्या दिवसांत संरक्षणमंत्री रात्री काय विचार करत होता हे आपल्याला कळलं ते एका सचिवाने कागद सांभाळले म्हणून. मी फार छोट्या जागेवर तेच काम केलं आहे, त्यामुळे मला ही गोष्ट लागते.

लिहिणारे अगदीच नव्हते असं नाही. काकासाहेब गाडगीळ नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते, त्यांनी मराठीत भरपूर लिहिलं, मोकळेपणाने लिहिलं. सी. डी. देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, महाराष्ट्र त्यांना त्यासाठी आजही हात जोडतो; त्यांनी आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली, पण इंग्रजीत. मधू दंडवत्यांनीही आठवणी इंग्रजीत लिहिल्या. मधू लिमये यांची गोष्ट निराळीच. पुण्यात जन्मलेला हा माणूस बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून लोकसभेवर गेला, आणीबाणीत सभागृहाची मुदत वाढवली तेव्हा तुरुंगातून राजीनामा दिला, खासदारकीचं पेन्शन घेतलं नाही. १९८२ मध्ये सक्रिय राजकारणातून बाहेर पडल्यावर १९९५ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिला. निवृत्तीत काय करायचं याचा असा नमुना आपल्यासमोर आहे. तरी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच ही नावं. पहिल्या लोकसभेपासून महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्यांची संख्या किती मोठी आहे ते बघा, आणि त्यांतल्या किती जणांचं दिल्लीतलं आयुष्य मराठी वाचकाला माहीत आहे ते बघा.

बॅ. नाथ पै यांच्याबद्दल तर हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. १९५७ पासून राजापूरचे खासदार. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल आला, मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तेव्हा विरोधी बाकावरच्या या माणसाने संसदेचा अधिकार परत मिळवून देण्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणलं. त्यांच्याच समाजवादी वर्तुळातल्या लोकांचा त्यावर एकमताचा पाठिंबा नव्हता. ते मंजूर झालं नाही. १८ जानेवारी १९७१ ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी सरकारने संसदेला तोच अधिकार देणारी चोविसावी घटनादुरुस्ती केली. त्यांची भाषणं छापलेली आहेत, पण आपल्याच सहकाऱ्यांना समजावताना त्यांना काय सोसावं लागलं, कोण कुठल्या कारणाने मागे हटलं, हे त्यांच्या शब्दांत कुठेच नाही. त्यांना वेळ मिळाला नाही. तुम्हाला मिळाला आहे.

यावर तुमच्यातले काही म्हणतील की सगळं कामकाज छापलेलं आहे, आता तर पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा संगणकावर मिळतात, हवं त्याने वाचावं. मी ते कामकाज पुष्कळ वाचलं आहे. त्यात काय नाही ते सांगतो.

आमचे साहेब प्रश्नोत्तराच्या तासाची तयारी आलेल्या पाकिटांच्या पाठीवर करायचे. पत्र फोडलं की पाकीट उलटं कापून, शिसपेन्सिलीने. लोकसभेच्या यादीत दिवसाला वीस तारांकित प्रश्न असतात आणि तोंडी उत्तरापर्यंत चार-पाचच पोहोचतात, त्यामुळे आपला प्रश्न वरच्या क्रमांकावर निघाला की त्या दिवशी घरात लगबग असायची. मूळ प्रश्न छापलेला असतो, खरी लढाई मंत्र्याच्या उत्तरावर लगेच विचारायच्या पुरवणी प्रश्नांत. साहेब सहा-सात पुरवण्या लिहायचे, त्यांतल्या दोन विचारायचे. एकदा मतदारसंघातल्या अर्धवट राहिलेल्या कालव्याचा प्रश्न लागला होता. संध्याकाळी पाकीट माझ्याकडे फाइलला आलं. तिसऱ्या पुरवणीवर आडवी रेघ आणि समासात बारीक अक्षरात: ‘विचारू नये. मंत्री अडचणीत येतील, मग फाइल अडेल. खासगीत हो म्हणाले आहेत.’ त्याच्या खालच्या पुरवणीसमोर फक्त एवढंच: ‘पक्षाचा निरोप.’

छापील कामकाजात त्या दिवशीचे दोन प्रश्न आणि दोन उत्तरं आहेत. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेल की या खासदाराला कालव्याबद्दल एवढंच विचारायचं होतं. न विचारलेला प्रश्न, तो न विचारण्याचं कारण आणि त्यामुळे पुढे झालेलं काम, हे सगळं त्या पाकिटावर होतं. तो कालवा पुढे झाला. गप्प बसणं बरोबर होतं की नाही यावर माझं आणि साहेबांचं कधी एकमत झालं नाही. मला वाटायचं की सभागृहात विचारलेलंच खरं. पण तो वाद घालायलासुद्धा आधी ते पाकीट हाताशी असावं लागतं.

मतदानाचंही तेच. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला, राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट. घोडेबाजार थांबावा म्हणून आणला आणि त्या काळी त्याची गरज होती हे मी मान्य करतो. पण त्यानंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की सभागृहातलं मत हे पक्षाचं मत झालं. विरोधात गेलात तर सदस्यत्वावर गदा. २००३ पासून राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकावी लागते. म्हणजे गेल्या चार दशकांतल्या मतांच्या नोंदी वाचून खासदाराचं मन कळण्याची सोय राहिलेली नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं. २२ जुलै २००८ ला अणुकरारावरून विश्वासदर्शक ठराव आला, २७५ विरुद्ध २५६. दोन्ही वेळी महाराष्ट्रातले खासदार सभागृहात होते, आणि तुमच्यातले काही त्यांत होतात. कोणी कुठलं बटण दाबलं हे सगळ्यांना माहीत आहे. आदल्या रात्री कोणाचे फोन आले, कोणाशी बोलावंसं वाटलं, दाबलेलं बटण मनाला पटलेलं होतं का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणालाही कळणार नाही. व्हिपच्या काळातल्या खासदाराची आठवण म्हणूनच जुन्या काळातल्यापेक्षा जास्त मोलाची आहे.

सभागृहात न बोललेलं लिहून ठेवलं तर काय होतं, हे आपल्याला बाबासाहेबांनी दाखवलं आहे. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडलं आणि त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं. ऑक्टोबरमध्ये राजीनाम्याचं निवेदन करायला ते सभागृहात गेले, पण निवेदनाची प्रत आधी द्या, या मुद्द्यावरून त्यांना त्या वेळी बोलू दिलं गेलं नाही. ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. हिंदू कोड, अनुसूचित जातींकडे होणारं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून आपल्याला बाजूला ठेवणं, सगळी कारणं एकेक करून त्यात आहेत. तोंडी बोलून वाऱ्यावर सोडलं असतं तर आज आपण त्या राजीनाम्याबद्दल ऐकीव गोष्टी सांगत बसलो असतो.

असंच एक भाषण अमेरिकेच्या सिनेटमध्ये राहून गेलं होतं. माइक मॅन्सफील्ड हे मॉन्टानाचे सिनेटर. लहानपणी शाळा सोडलेली, वय वाढवून सांगून नौदलात गेलेले, मग ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत काम, बायकोच्या आग्रहाने पुन्हा शिक्षण, मग इतिहासाचे प्राध्यापक. १९६१ ते १९७७ एवढी वर्षं ते सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते होते. सलग इतका काळ ते पद कोणाकडेच राहिलेलं नाही. हे ढिले नेते आहेत, दंडुका चालवत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर व्हायची. तिला उत्तर म्हणून सिनेट कशी चालावी, प्रत्येक सदस्याला मान कसा मिळावा, यावर त्यांनी एक भाषण तयार केलं. ते करायचं होतं २२ नोव्हेंबर १९६३ ला. त्या दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. भाषण नुसतं कामकाजात छापलं गेलं. पुढच्याच वर्षी, १० जून १९६४ ला, नागरी हक्कांच्या विधेयकावरची दक्षिणेकडच्या सदस्यांची अडवणूक ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली गेली, ती याच ढिल्या म्हणवलेल्या नेत्याच्या काळात. १९९८ मध्ये निवृत्त नेत्यांनी सिनेटच्या जुन्या सभागृहात येऊन व्याख्यानं द्यावीत असा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पंचाण्णव वर्षांचे मॅन्सफील्ड आले आणि त्यांनी तेच भाषण केलं. पस्तीस वर्षांनी.

मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते हे, की सिनेटने त्यांना बोलावलं. निवृत्त माणूस म्हणजे संपलेला माणूस असं मानलं नाही. आणि दुसरं, त्यांचे कागद. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने उतरू नये, असं त्यांनी केनेडी आणि जॉन्सन या दोन्ही अध्यक्षांना खासगी टिपणांमधून पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. एकाच पक्षाचे असल्यामुळे सुरुवातीला ते चारचौघांत फार बोलले नाहीत. मॉन्टाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मॉरीन आणि माइक मॅन्सफील्ड असं नवराबायको दोघांचं नाव आहे, आणि त्यांचे कागद तिथे अभ्यासकांना पाहायला मिळतात. तिथल्या सिनेटरांचे कागद त्यांचे स्वतःचे मानले जातात, आणि निवृत्त होताना आपल्या राज्यातल्या विद्यापीठाला ते देण्याची रीत पडून गेली आहे. सगळेच देतात असं नाही, पण देणं ही साधी, अपेक्षित गोष्ट आहे.

आपल्याकडे कागदांचं काय होतं ते मी पाहिलं आहे. दोन-तीन वेळा निवडून आलेल्या, आपल्या भागातल्या पाण्यासाठी आयुष्य घालवलेल्या एका माजी खासदारांच्या घरी, त्यांच्या पश्चात, मी गेलो होतो. त्यांचा पत्रव्यवहार मला माहीत होता, कारण त्यातली काही पत्रं मीच दिल्लीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पोहोचवली होती. घरच्यांनी अगत्याने चहा केला. कागदांचं विचारलं तर म्हणाले, रंगकाम काढलं तेव्हा माळा रिकामा केला, दोन टेम्पो रद्दी निघाली. भिंतीवर फोटो होते, पंतप्रधानांबरोबरचा, राष्ट्रपतींबरोबरचा, नीट फ्रेम केलेले. घरच्यांना मी कसा दोष देऊ? हे कागद कोणाला हवे असतील असं त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. माळ्यावरच्या त्या गठ्ठ्यांत एका धरणाच्या मंजुरीची सगळी वाट होती, कुठे अडलं, कोणी अडवलं, कोणी सोडवलं. आज त्या धरणावर कोणी प्रबंध लिहायला घेतला तर त्याला सरकारी ठरावांच्या तारखा मिळतील आणि बाकी अंधार.

कोकण रेल्वेचंच घ्या. त्यासाठी १९९० मध्ये महामंडळ झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधू दंडवते अर्थमंत्री. रेल्वेचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. हे आकडे कुठल्याही पुस्तकात मिळतील. चार राज्यांना पैसे घालायला राजी करताना आणि बाजारातून कर्जरोखे उभारताना किती जणांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्या सरकारला जेमतेम वर्ष मिळालं तेवढ्यात हे कसं जमवलं, हे सांगू शकणारी माणसं एकेक करून जाताहेत. दंडवते २००५ मध्ये गेले, जॉर्ज २०१९ मध्ये. त्या लोकसभेत बसलेले जे कोणी आज असतील त्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं आता तरी सांगावं.

याच्या जागी आपण काय करतो? गौरवग्रंथ काढतो. एकसष्टी, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन. गुळगुळीत कागद, आर्ट पेपरवर रंगीत फोटो, आणि पन्नास जणांचे लेख, ज्यांत प्रत्येक जण साहेबांची माणुसकी, साहेबांची स्मरणशक्ती आणि साहेबांचं वक्तशीर असणं याबद्दल लिहितो. मी असे लेख लिहिले आहेत आणि लिहून घेतले आहेत. त्यामागचं प्रेम खरं असतं. पण त्या ग्रंथातून शेवटी माणूसही हाती लागत नाही आणि काळही नाही. माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या सत्कार समितीला तुम्ही स्वतःच सांगावं: ग्रंथ नको, तेवढ्या पैशांत एक शिकलेला तरुण वर्षभर माझ्याकडे पाठवा, तो विचारेल आणि मी सांगेन, आणि माझ्या कागदांची यादी तो करेल. शाल-श्रीफळाला माझी हरकत नाही.

महिला खासदारांना मी वेगळी विनंती करतो. १९७७ मध्ये मुंबईतून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लोकसभेवर गेल्या. महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्च्यातल्या दोघी. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा महाराष्ट्रात अजून लोकांच्या तोंडी आहे; पानीवाली बाई म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. पण पानीवाली बाई दिल्लीत पोहोचल्यावर काय झालं, पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात रस्त्यावरच्या चळवळीतून आलेल्या बाईला कसं वागवलं गेलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. घोषणा टिकली आणि कारकीर्द विसरली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. ती लागू होईल तेव्हा नव्या बायका मोठ्या संख्येने दिल्लीला जातील. समितीच्या बैठकीत आपलं म्हणणं मिनिट्समध्ये येईल हे कसं बघायचं, रात्री उशिरा चालणाऱ्या सभागृहानंतर घरी कसं जायचं, पक्षाच्या कार्यालयात कोणत्या कामाला नाही म्हणायचं, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट गेली आहे, तिच्याबद्दल दिल्लीतही फारसं कोणी बोललं नाही. सेंट्रल हॉल. १९ सप्टेंबर २०२३ ला संसद नव्या इमारतीत गेली, जुन्या इमारतीचं संविधान सदन झालं. नव्या इमारतीत सेंट्रल हॉल नाही. सभागृहात सकाळी एकमेकांवर तुटून पडलेले दोन पक्षांचे लोक दुपारी जिथे एका बाकावर टोस्ट आणि कॉफी घेत बसायचे ती जागा ही होती. माजी खासदारही तिथे येऊन बसायचे, आणि नवखा खासदार त्यांच्याजवळ सरकून विचारायचा: हा मंत्री कसा आहे, या नियमाखाली नोटीस दिली तर चालेल का? संसदेचं निम्मं शिक्षण या बाकांवर होत होतं. कुठलाही अभ्यासक्रम नाही, एका पिढीने दुसरीला सांगायचं. ती जागा गेल्यावर ते ज्ञान द्यायची दुसरी जागा आपण केलेली नाही. म्हणून ते लिहून किंवा बोलून ठेवणं आता निकडीचं झालं आहे.

तुमच्या अडचणी मला कळतात. मंत्री होतात तर गोपनीयतेची शपथ आहे. स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. पक्षात अजून मुलगा आहे, सून आहे, पुतण्या आहे. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते हयात आहेत, किंवा त्यांची मुलं सत्तेत आहेत. शपथ मोडा असं मी म्हणत नाही, आणि कोणाची उणीदुणी काढा असंही नाही. ज्याला आज बोलणं शक्य नाही त्याने लिहून, मोहोर लावून ठेवावं. मौलाना आझादांनी आपल्या आठवणींतली तीस पानं तीस वर्षं उघडू नयेत असं सांगून राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली होती. ती १९८८ मध्ये उघडली. अट घालून कागद देता येतात, मुदत तुम्ही ठरवायची. पण माळ्यावर ठेवलेल्या गठ्ठ्याला वाळवी मुदत देत नाही.

द्यायचे कुठे, हा प्रश्न येईल. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तीन मूर्तीचं ग्रंथालय आहे, तिथे खासगी कागद घेतात. मुंबईत राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. कराडला यशवंतरावांची पुस्तकं आणि वस्तू त्यांच्या पत्नी वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात जपल्या आहेत, तसं तुमच्या तालुक्यात होऊ शकतं. तुमच्यातले बरेच जण कॉलेजं चालवतात. त्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक कोरडी खोली, लोखंडी कपाटं आणि कागद जपण्याचं शिक्षण घेतलेला एक माणूस, एवढं तुमच्या हातात आहे. जिल्ह्यातल्या जुन्या खासदारांच्या, त्यांत तुमच्या विरोधकांच्यासुद्धा, घरी त्या माणसाला पाठवा. विरोधकाचे कागद आपल्या कॉलेजात आले तर बिघडत नाही. पुढे अभ्यास करणाऱ्याला दोन्ही बाजू एका टेबलावर मिळतील.

आणि हे मराठीत व्हावं, कारण ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांची भाषा ती आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने मत दिलं, त्याच्या मुलाने ते मत दिल्लीत कुठे गेलं हे त्याच्या भाषेत वाचावं. आज तो मुलगा राज्यशास्त्र शिकतो तेव्हा त्याला संसदेबद्दलचं पुस्तक म्हणून कलमांची यादी मिळते. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, बोलायला मिळावं म्हणून सकाळी नोटीस द्यायला कशी धावपळ होते, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांच्या वेळी बाकं कशी रिकामी असतात, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नसताना खासदार तरीही ती का आणतो, हे त्या यादीत नसतं. आमचे साहेब दर सेशनला एक विधेयक द्यायचे. का, असं मी विचारलं तर म्हणायचे, मंत्र्याला उठून उत्तर तर द्यावं लागतं. ते उत्तर पुढे गावातल्या माणसाला दाखवता येतं.

मी आता गावी असतो. तब्येत ठीक आहे, प्रवास झेपतो, आणि मराठी टायपिंग अजून जलद होतं. तुमच्यातल्या ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्याकडे मी येईन. रेकॉर्डर आणेन, बोललेलं उतरवून तुमच्या हाती देईन, तुम्ही खोडाल ते खोडलं जाईल. खर्च मागणार नाही. वयाने सगळ्यात मोठे असतील त्यांच्याकडे आधी जाईन, पक्ष विचारणार नाही. येण्याआधी फक्त एवढं करा: माळ्यावरचं, पेटीतलं, कपाटाच्या तळाचं काही या पावसाळ्याआधी खाली काढून उन्हं दाखवा, पिना आणि रबरबँड काढून टाका, गंजाने कागद फाटतात. पाकिटं फेकू नका, त्यांच्या पाठी बघा. डायरीत नुसत्या भेटींच्या वेळा असतील तरी ठेवा. आणि घरातल्या एकाला, मुलाला किंवा नातीला, आजच सांगून ठेवा की हे रद्दीत द्यायचं नाही.

आपला नम्र,
नॉर्थ अव्हेन्यूवरचा एक जुना स्वीय सहायक